दिवसाचा पंचनामा: स्वतःच्या कामाकडे रोज दहा मिनिटं बघायची सवय कशी लावावी

आमच्या मशिन शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मशिनच्या विभागात, प्रत्येक मशिनला लॉगबुक आहे. मशिन कधी बंद पडलं, किती वेळ बंद होतं, काय बदललं, कोणी बदललं, सगळं तारखेनिशी सापडतं. शिफ्ट चालवणाऱ्या माणसाचं असं लॉगबुक नसतं. तो कधी तापला, कुठे चुकीचा अंदाज बांधला, कोणाचं पुरतं ऐकून न घेता पुढे गेला, याची नोंद कुठेच होत नाही. सुपरवायझर झाल्यावर मीही बरीच वर्षं असाच चाललो. मग एका प्रशिक्षणात सांगितलं म्हणून स्वतःच्या रोजच्या नोंदींची वही सुरू केली. ती कशासाठी असते हे मात्र एका स्क्रॅपमुळे, म्हणजे वाया गेलेल्या मालामुळे, कळलं.

बोअरिंगचं, म्हणजे धातूच्या पीसमधलं भोक कापून मापात आणायचं, काम होतं. भोक आतून कापणारा इन्सर्ट (बदलता येणारं पातं) झिजत जातो तसं भोक लहान पडायला लागतं, म्हणून ऑपरेटर ऑफसेट देऊन मशिनला थोडं थोडं जास्त कापायला लावतो. नवा इन्सर्ट बसवला की ही भरपाई काढून टाकायची असते. त्या रात्री ती पुरती काढली गेली नाही. पुढचं मोजमाप होईपर्यंत क्रेटभर पीस मोठ्या भोकाचे निघाले, आणि मोठं पडलेलं भोक काही लहान करता येत नाही. मी वहीत लिहिलं, ‘ऑपरेटरचा हलगर्जीपणा.’

रविवारी सहज मागची पानं चाळली. तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात ओळ होती: ‘दर वेळी विचारायला येऊ नकोस, असं बोललो. फोनवर होतो.’ तोच ऑपरेटर, तेच मशिन, आणि त्या दिवशीचा त्याचा प्रश्नही ऑफसेटचाच. त्याने माझं ऐकलं होतं. तो विचारायला आला नाही.

ती ओळ लिहिलेली नसती तर मला तो प्रसंग आठवला नसता. आठवण दिवसेंदिवस आपल्या सोयीची होत जाते. आपण बोललेले शब्द मवाळ होतात, समोरच्याचे धारदार होतात, मधले बघणारे दोघं गायब होतात. म्हणून आत्मचिंतन डोक्यात करू नका. कागदावर करा, आणि आठवणीला इस्त्री व्हायच्या आत करा. खाली जे सांगतो ते मी शॉपमध्ये करतो, पण मुख्याध्यापकांना, बचत गटाच्या अध्यक्षांना, सरपंचांना, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना, घरातल्या कर्त्या माणसालाही ते तसंच लागू पडतं. चार माणसं आपल्या शब्दावर चालतात, तिथे आपले शब्द तपासायलाच हवेत.

आधी एक फरक नीट समजून घ्या

चिंतन वेगळं आणि उगाळणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: माणूस एकटा बसलाय आणि झालेल्या गोष्टीचा विचार करतोय. उगाळण्यात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा फिरतो, दर फेरीत राग किंवा लाज वाढते आणि शेवटी हातात काही येत नाही. चिंतनात प्रसंग एकदा उलगडतो, माझा वाटा दिसतो आणि उद्या करायची एखादी गोष्ट ठरते. दहा मिनिटं बसून उठताना हातात एकही कृती नसेल तर तुम्ही उगाळत होता असं समजा.

ही काही आजच्या व्यवस्थापनाने शोधलेली गोष्ट नाही. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस इ.स. 161 ते 180 या काळात राज्य करत होता. त्यातली बरीच वर्षं डॅन्यूब नदीच्या बाजूच्या लढायांत गेली, आणि त्याच काळात तो ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणं लिहीत होता. आपल्या शेजारच्या जैन कुटुंबांत प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या चुका आठवून पश्चात्ताप करायचा विधी, असतो. दिवसाचं संध्याकाळी, रात्रीचं सकाळी, शिवाय पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं. वर्षाच्या प्रतिक्रमणानंतर ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत एकमेकांची क्षमा मागतात. त्यातल्या धर्मभागाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण त्याची रचना मला फार मोलाची वाटते: छोटा हिशोब रोज, मोठा हिशोब ठरलेल्या अंतराने, आणि शेवटी तो हिशोब ज्याच्याशी आहे त्याच्यापर्यंत जाणं. पुढच्या पायऱ्यांचा सांगाडा हाच आहे.

पायरी 1: वेळ शोधू नका, जोडून घ्या

‘वेळ मिळेल तेव्हा लिहीन’ म्हणणाऱ्याची वही तिसऱ्या दिवशी बंद पडते. रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट धरा आणि तिला ही दहा मिनिटं बांधून टाका. माझी कंपनीची बस सुटायला शिफ्टनंतर पंधरा मिनिटं असतात. मी खिडकीजवळ बसतो, वही काढतो आणि बस हलली की बंद करतो, कारण पुढे रस्ता लिहू देत नाही. शाळेत असाल तर शेवटची घंटा झाल्यावर, दुकान असेल तर गल्ला मोजून झाल्यावर, घरी असाल तर ओटा आवरून झाल्यावर.

मोबाइलवर लिहू नका असं मी आग्रहाने सांगतो. अॅप वाईट असतं असं नाही, पण त्याच पडद्यावर कामाचा ग्रुप असतो, आणि दुसऱ्या ओळीला कोणाचातरी मेसेज येतो. साधी दोनशे पानी वही आणि पेन पुरे. वही कोणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कोणीतरी वाचेल ही धास्ती असली की माणूस स्वतःचीच बाजू मांडायला लागतो. माझी वही टिफिनच्या पिशवीत असते, कामाच्या टेबलावर कधीच नाही.

पायरी 2: एकच प्रसंग घ्या

सगळा दिवस लिहायला गेलात तर रोजनिशी होते: सकाळी अमुक, दुपारी तमुक. त्यातून काही हाती लागत नाही. एक प्रसंग निवडा. निवडताना मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. आज माझा आवाज कुठे चढला? बोलायला हवं होतं तिथे मी कुठे गप्प बसलो? आणि पुरती माहिती नसताना मी कुठे निर्णय दिला?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. चढलेला आवाज लक्षात राहतो, गिळलेला शब्द राहत नाही. मीटिंगमध्ये वरच्यांनी अशक्य आकडा मागितला आणि मी मान डोलावली, हा प्रसंग मला लिहायला सुचेपर्यंत कितीतरी महिने गेले. त्या एका मान डोलावण्यामुळे माझ्या माणसांनी किती रविवार काम केलं, ते मोजल्यावर मला झोप लागली नाही.

आठवड्यातून एकदा तरी चांगला गेलेला प्रसंगही घ्या. अवघड बोलणं कधी नीट झालं असेल तर ते कशामुळे जमलं हेही शोधावं लागतं, नाहीतर ते पुन्हा जमेलच असं नाही.

पायरी 3: आधी पंचनामा, मत नंतर

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पंचनाम्यात काय असतं? जागा, वेळ, कोण हजर होतं, काय दिसलं. कोण दोषी आहे ते पंच लिहीत नाहीत. तुमची नोंदही तशीच हवी. तिथे कॅमेरा असता तर जे दिसलं आणि ऐकू आलं असतं, तेवढंच लिहा.

माझी सुरुवातीची नोंद अशी असायची: ‘आज फार वैताग. कोणी जबाबदारी घेत नाही. उद्यापासून शांत राहायचं.’ यात एकही वस्तुस्थिती नाही. सहा महिन्यांनी वाचलं तर कोणता दिवस, कोणता माणूस, काहीच कळणार नाही.

आता तोच ऑफसेटचा प्रसंग पंचनाम्यासारखा (डिस्पॅच म्हणजे माल बाहेर पाठवणारा विभाग): ‘मंगळवार, दुसरी शिफ्ट, साडेसहाच्या सुमारास. मी डिस्पॅचशी फोनवर. चार नंबरचा ऑपरेटर आला, हातात जुना इन्सर्ट. “सर, ऑफसेट...” एवढंच म्हणाला. मी फोन कानाला तसाच ठेवून म्हणालो, “दर वेळी विचारायला येऊ नकोस, डोकं वापर.” शेजारचे दोघं बघत होते. तो काही न बोलता गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.’

सात ओळी. पण यात तीन गोष्टी आपोआप वर येतात. त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, दोघांसमोर बोललो, आणि फोन झाल्यावर त्याच्याकडे गेलो नाही. ‘माझं चुकलं’ असं कुठेही न लिहिता माझं काय चुकलं ते समोर येतं. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायची सवय लावा, अगदी तोंडातून निघालेल्या शिवीसकट. ‘मी त्याला रागावलो’ या वाक्याच्या आड फार काही लपतं.

पायरी 4: ‘का’ जपून विचारा, ‘काय’ मोकळेपणाने

कारखान्यात आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो. टोयोटाच्या साकिची टोयोडांपासून चालत आलेली ही पद्धत मशिनच्या बिघाडाला उत्तम लागू पडते. स्वतःला मात्र ती तितकीशी लागू पडत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘मी का ओरडलो?’ असं विचारलं की मन वकिलासारखं उभं राहतं: डिस्पॅचचा ताण होता, तो नेहमीच विचारायला येतो, दिवसभर जेवण झालं नव्हतं. सगळं खरं, आणि सगळं बचावाचं.

त्याऐवजी हे विचारा. त्या क्षणी मला काय माहीत होतं? मी काय गृहीत धरलं? मी जे केलं त्याने पुढे काय झालं? पुन्हा तीच वेळ आली तर मी वेगळं काय करेन? प्रत्येकाला एक-एक ओळ. मी गृहीत धरलं होतं की त्याला उत्तर माहीत आहे आणि तो जबाबदारी टाळतोय. प्रत्यक्षात त्याला कोणी नीट शिकवलंच नव्हतं. त्याला शिकवायचं काम माझं होतं.

पायरी 5: दुसऱ्याच्या तोंडून चार ओळी

तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या बाजूने, ‘मी’ वापरून लिहा. ‘मी इन्सर्ट घेऊन सरांकडे गेलो. चूक झाली तर पीस जातील म्हणून विचारायला गेलो होतो. सगळ्यांसमोर बोलणी बसली. आता परत जाणार नाही.’

लिहिताना हात अडखळतो. अडखळला तर तुम्ही योग्य जागी आहात. एक लक्षात ठेवा, हा आपला अंदाज आहे, त्याचं खरं मन नाही. खरं त्यालाच विचारावं लागतं. पण हा अंदाज एकदा कागदावर आला की विचारायला जाणं सोपं होतं.

पायरी 6: एक कृती, तीही नाव, दिवस आणि पहिलं वाक्य घालून

‘शांत राहीन’, ‘लोकांचं ऐकून घेईन’ हे संकल्प वहीतच राहतात. कृती अशी लिहा की ती झाली की नाही हे हो किंवा नाही असं सांगता यावं. कोणाशी, कधी, आणि तोंडातून पहिलं वाक्य कोणतं. मी लिहिलं होतं: ‘सोमवारी, शिफ्टच्या आधी, त्याच्या मशिनजवळ. “त्या दिवशी मी तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, ते चुकलं. ऑफसेटचं काय विचारायचं होतं?”’ पहिलं वाक्य लिहून ठेवलेलं नसलं की ऐनवेळी आपण ‘कसं चाललंय?’ विचारून पुढे निघून जातो. वरिष्ठाने खालच्या माणसाची माफी मागितली तर धाक जातो असं अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं. माझा धाक गेला नाही, आणि लोक वेळेवर विचारायला यायला लागले.

स्वभावातली एखादी गोष्ट बदलायची असेल तर अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याची रीत बघा. त्याने 13 गुणांची यादी केली, छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिलं, आठवड्याच्या दिवसांचे सात रकाने आखले आणि चूक झाली की त्या दिवशी काळा ठिपका दिला. मात्र एका आठवड्याला लक्ष एकाच गुणावर. असं 13 आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षात चार. मी याचं छोटं रूप करतो. महिन्याला एकच गोष्ट, उदाहरणार्थ ‘समोरच्याचं वाक्य तोडलं’, आणि शेवटच्या पानावर ठिपके. पहिल्या महिन्यात ठिपके वाढले तर घाबरू नका. आधीही ते होतेच, आता मोजले जाताहेत.

पायरी 7: मागची पानं वाचा

वही लिहिणारे पुष्कळ असतात. ती परत वाचणारे थोडे, आणि फायदा वाचण्यात आहे. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं काढा. मी रविवारी सकाळी चहाबरोबर वाचतो. वाचताना नवं काही लिहायचं नाही, फक्त पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींखाली रेघ ओढायची: तेच माणूस, तीच वेळ, तोच शब्द. माझ्या बहुतेक रेघा संध्याकाळी सहा ते सात या तासात पडल्या होत्या. डिस्पॅचची गाडी भरायची ती वेळ. स्वभाव बदलायला वर्षं लागतील, पण त्या तासात महत्त्वाची बोलणी करायची नाहीत हे त्याच आठवड्यात ठरवता आलं.

तीन महिन्यांनी मोठी बैठक, एकट्याची. इथे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरने सांगितलेली एक गोष्ट फार उपयोगी पडते. मोठा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं आपल्याला वाटतं ते आधीच लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. कोणाला बढती दिली, कोणाची शिफ्ट बदलली, कुठलं मशिन मागितलं, त्या दिवशीच दोन ओळी लिहा. नंतर ताडताना मला कळलं की मशिनबाबत माझा अंदाज बहुधा बरोबर येतो आणि माणसांबाबत मी घाई करतो, विशेषतः जो चटपटीत बोलतो त्याच्याबाबत. आता बढतीच्या शिफारशीआधी मी त्या माणसाला कामावर बघणाऱ्या दोघांना विचारतो.

कामाच्या मधोमध

1983 साली डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने कामानंतरचं चिंतन आणि काम चालू असतानाचं चिंतन असे दोन प्रकार मांडले. दुसरा प्रकार पहिल्यातूनच हळूहळू येतो. बरेच महिने लिहिल्यावर एक दिवस वाक्य तोंडात असतानाच आठवतं की हे आपण लिहिलेलं आहे. तेवढ्यात थांबता येतं. फोन खाली ठेवता येतो. यासाठी वेगळा काही सराव नाही, फक्त वही चालू ठेवायची.

कधी थांबावं

तीच घटना लागोपाठ चार-पाच दिवस वहीत येत असेल, लिहिल्यावर हलकं वाटण्याऐवजी छाती जड होत असेल, किंवा झोप उडत असेल, तर लिहिणं थांबवा आणि माणसाशी बोला. विश्वासाचा सहकारी, घरचं कोणी, नाहीतर समुपदेशक. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. चूक आपली नसतानाही सगळं स्वतःवर ओढून घेणारी माणसं असतात, माणसं सांभाळणाऱ्यांतही असतात. त्यांनी पंचनाम्यात एक ओळ आवर्जून घालावी: ‘यात माझ्या हातात काय नव्हतं?’

मध्ये खंड पडला तर मागचे दिवस भरून काढू नका. लग्नसराई, आजारपण, ऑडिट, सगळं येतं. आजची तारीख टाका आणि आजचा प्रसंग लिहा.

टीममध्ये नेताना

वही कोणाला दाखवायची नाही आणि कोणाची मागायचीही नाही. टीमसाठी वेगळी पद्धत आहे. अमेरिकन सैन्याने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या प्रशिक्षण केंद्रात सरावानंतरची एक बैठक रूढ केली. तिचा गाभा चार प्रश्नांत येतो: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्ष काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय ठेवायचं आणि काय बदलायचं. हुद्दा बाजूला ठेवून बोलायचं असतं. आम्ही हे शनिवारी शिफ्ट सुरू होण्याआधी, उभ्यानेच, पंधरा मिनिटांत करतो.

एक नियम मी कडक पाळतो. पहिली चूक मी सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. ‘मी तुमच्यावर जास्तच विश्वास टाकला’ असली चूक लोक लगेच ओळखतात. दुसरा नियम: त्या पंधरा मिनिटांत जे बोललं गेलं ते कोणाच्या वार्षिक मूल्यांकनात वापरायचं नाही. एकदा जरी वापरलं तरी पुढच्या शनिवारी सगळे खाली बघत उभे राहतील. पहिले तीन-चार शनिवार कोणी बोलत नाही, ती शांतता सहन करा, आपणच बोलून भरून काढू नका.

स्क्रॅपनंतरच्या पहिल्या बैठकीत मी फोनचा प्रसंग सांगितला, माझ्या शब्दांसकट. कोणी काही बोललं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी चार नंबरचा ऑपरेटर म्हणाला, “सर, इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट किती काढायचा आणि पहिला पीस कोणाला दाखवायचा, हे मशिनवरच लिहून लावू या का?” त्यानेच तक्ता करून आणला, वहीच्या पानावर, निळ्या पेनाने. लॅमिनेट करून तो आता चारही बोअरिंग मशिनवर लावला आहे. खाली एका ओळीत लिहिलंय, ‘शंका असल्यास थांबा, सुपरवायझरला बोलवा.’